भाकिताची समीक्षा : ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील ड्राफ्टपूर्व चाहता-चर्चेचे स्वरूप आणि मर्यादा

गोषवारा :
ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या वार्षिक ड्राफ्टपूर्वी नवोदित खेळाडूंविषयी चाहत्यांमध्ये प्रदीर्घ वाद-चर्चा चालते. ही चर्चा केवळ करमणूक नसून ती निकष, परिभाषा आणि परंपरा असलेली एक प्रकारची लोकसमीक्षा आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. तसेच अठरा वर्षांच्या मुलाविषयी केलेले भाकीत आणि परिपक्व खेळाडूविषयी केलेले मूल्यमापन यांतील भेद ही चर्चा विसरते तेव्हा कोणते दोष निर्माण होतात, याचा २००१, २००४ व २०१४ च्या ड्राफ्टच्या आधारे शोध घेतला आहे.

बीजसंज्ञा : ड्राफ्ट, चाहता, लोकसमीक्षा, निकष, भाकीत, पश्चात्‌बुद्धी.

प्रस्तावना :
समीक्षा ही सामान्यतः पूर्ण झालेल्या कृतीची होते. कादंबरी छापली जाते, नाटक रंगभूमीवर येते आणि मग समीक्षक आपले निकष घेऊन पुढे येतो. परंतु समाजात काही ठिकाणी अपूर्ण गोष्टीचेही मूल्यमापन मोठ्या आत्मविश्वासाने केले जाते. ऑस्ट्रेलियात, विशेषतः व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्यांत, दरवर्षी हंगाम संपल्यानंतर असे मूल्यमापन घरोघरी, मद्यगृहांत, रेडिओवर आणि वृत्तपत्रांच्या क्रीडापृष्ठांवर चालते. त्याचा विषय असतो सतरा-अठरा वर्षांचा, नुकताच शाळेतून बाहेर पडलेला किंवा अजून शाळेतच असलेला मुलगा. तो पुढील दहा वर्षांत काय होईल, हा वादाचा मुद्दा असतो. या चर्चेचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. ड्राफ्ट पद्धतीची पार्श्वभूमी :
व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम १८९७ मध्ये झाला. दीर्घकाळ या लीगमध्ये खेळाडूंची भरती विभागवार होत असे. ज्या भागात मुलगा राहतो त्या भागावर हक्क असलेल्या क्लबकडे तो जाई. त्यामुळे क्लब आणि परिसर यांचे नाते घट्ट राहिले. पण समृद्ध विभाग लाभलेले क्लब बलवान आणि इतर दुर्बल, अशी विषमताही निर्माण झाली. लीगचा विस्तार व्हिक्टोरियाबाहेर होत असताना, अमेरिकी व्यावसायिक खेळांतील पद्धतीच्या धर्तीवर, १९८६ मध्ये पहिला ड्राफ्ट घेण्यात आला. १९९० मध्ये लीगचे नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झाले.

ड्राफ्टचे तत्त्व साधे आहे. गुणतक्त्यात जो संघ तळाशी असेल त्याला प्रथम निवडीचा हक्क मिळतो. येथे लिलाव नाही. पैसा बोलत नाही, क्रम बोलतो. ड्राफ्टच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण करणारा मुलगा त्यास पात्र ठरतो आणि जो क्लब त्याचे नाव घेईल तेथे त्याला जावे लागते, मग तो क्लब दोन हजार किलोमीटर दूर का असेना. वडील ज्या क्लबकडून किमान शंभर सामने खेळले असतील त्या क्लबला मुलावर अग्रहक्क देणारा पिता-पुत्र नियम हा या व्यवस्थेतील जुन्या आपलेपणाचा उरलेला अंश होय.

या पद्धतीने चाहत्याच्या मनात एक विचित्र द्वंद्व निर्माण केले. पराभवालाही फळ आहे, हे त्याला उमगले. हंगामाच्या अखेरीस आपला संघ हरावा, अशी इच्छा निष्ठावंत चाहत्याच्याही मनात डोकावू लागली. २००९ च्या हंगामातील वर्तनाच्या चौकशीनंतर मेलबर्न क्लबला २०१३ मध्ये पाच लाख डॉलरचा दंड झाला. क्लबने सामने मुद्दाम हरण्याचे ठरवले होते, असा निष्कर्ष मात्र लीगने काढला नाही. तथापि, पराभवात भविष्य शोधण्याची वृत्ती किती खोल रुजली होती, हे त्या प्रकरणातून दिसून आले.

२. चर्चेचे निकष आणि परिभाषा :
ड्राफ्टपूर्व चर्चा ही स्वैर गप्पा नव्हे. तिला स्वतःचे साधनग्रंथ आहेत. अठरा वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा, व्हिक्टोरियातील १९९२ पासूनची युवक स्पर्धा, शालेय सामने आणि ड्राफ्टपूर्वीचे शारीरिक चाचण्यांचे शिबिर ही तिची प्रमुख आधारस्थाने होत. वीस मीटरची धाव, उभी उडी, चपळाईची चाचणी, दोन किलोमीटरची धाव या चाचण्यांचे आकडे चाहते तोंडपाठ सांगतात. थंडीत, मोजक्या प्रेक्षकांत बसून युवक सामने पाहणारा चाहता हा या चर्चेतील व्यासंगी वाचक म्हणता येईल. अनेकदा त्याचे निरीक्षण सूक्ष्म असते. मुलगा डाव्या पायाने किती अचूक लाथ मारतो, गर्दीत वाकून चेंडू किती स्वच्छ उचलतो, चेंडू हातात नसताना कोठे धावतो, हे तो पाहतो.

या चर्चेची परिभाषाही ठरलेली आहे. खेळाडूचा ‘तळ’ आणि ‘छत’ ही त्यांतील मुख्य जोडी. तळ म्हणजे काहीही बिघडले तरी तो जेवढा होईल तेवढे. छत म्हणजे सर्व काही जुळून आले तर तो जेथवर पोहोचेल ती उंची. दुसरा वाद ‘उपलब्धांतील सर्वोत्तम’ की ‘संघाची गरज’ असा असतो. उंच आघाडीपटू नसलेल्या संघाने उंच मुलगाच घ्यावा की त्याहून सरस असलेला मधल्या फळीतील खेळाडू घ्यावा? हा प्रश्न वरवर व्यावहारिक वाटला तरी त्याच्या मुळाशी एक तात्त्विक पेच आहे. गुणवत्ता निरपेक्ष मोजावी की संदर्भात, हाच तो पेच होय. मराठी समीक्षेत स्वायत्तता आणि सामाजिक संदर्भ यांविषयी जो वाद झाला त्याच्याशी परिचित असलेल्या अभ्यासकाला हा पेच अनोळखी वाटणार नाही.

मात्र याच परिभाषेत काही पूर्वग्रहही दडलेले आहेत. यंदाचे ‘पीक’ चांगले आहे, असे म्हटले जाते तेव्हा मुले शेतमालाच्या पातळीवर येतात. आदिवासी वंशाच्या खेळाडूविषयी ‘उपजत’, ‘जादूई’, ‘थक्क करणारा’ अशी विशेषणे आणि गोऱ्या खेळाडूविषयी ‘मेहनती’, ‘नेतृत्वक्षम’, ‘विश्वासार्ह’ अशी विशेषणे, ही विभागणी ऑस्ट्रेलियन क्रीडा-समाजशास्त्रात चिकित्सेचा विषय झाली आहे. स्तुतीच्या रूपात आलेला हा भेद सहजी लक्षात येत नाही. उपजत गुणाचे कौतुक करताना त्यामागील कष्ट आणि बुद्धी नाकारली जाते. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये ४३ व्या क्रमांकावर निवडला गेलेला अॅडम गुड्स २००३ आणि २००६ मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या ब्राउनलो पदकाचा मानकरी ठरला. बेचाळीस नावे त्याच्या आधी घेतली गेली, ही गोष्ट भाकिताच्या भाषेविषयी पुरेशी बोलकी आहे.

३. २००१ : क्रम आणि मूल्य :
२००१ चा ड्राफ्ट चाहत्यांच्या स्मृतीत ‘महाड्राफ्ट’ म्हणून नोंदला गेला आहे. त्यापूर्वीची चर्चा तीन नावांभोवती फिरत होती : ल्यूक हॉज, ल्यूक बॉल आणि ख्रिस जड. निवड याच क्रमाने झाली. हॉज हॉथॉर्नकडे, बॉल सेंट किल्डाकडे आणि जड वेस्ट कोस्टकडे गेला. जडच्या खांद्याच्या दुखापतींविषयी शंका होती.

पुढील काळात या क्रमाचा निकाल अनेकदा बदलला. जडने २००४ मध्ये ब्राउनलो पदक मिळवले, २००६ मध्ये कर्णधार म्हणून अजिंक्यपद जिंकले आणि २०१० मध्ये कार्ल्टनकडून खेळताना दुसरे पदक मिळवले. त्या वेळी हॉथॉर्नची चूक झाली, असे म्हणणे सोपे होते. परंतु हॉज चार अजिंक्यपदांचा भागीदार झाला. २०१३, २०१४ व २०१५ मध्ये तो कर्णधार होता आणि २००८ व २०१४ च्या अंतिम सामन्यांत सर्वोत्तम ठरला. बॉलनेही २०१० मध्ये कॉलिंगवुडकडून अजिंक्यपद मिळवले. तिघांपैकी श्रेष्ठ कोण, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. कारण वैयक्तिक तेज, सामूहिक यश आणि चिवटपणा हे तीन भिन्न निकष आहेत. निकष बदलला की क्रम बदलतो.

या ड्राफ्टचा दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. फ्रीमँटलने ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन यांच्या बदल्यात पहिली, विसावी आणि छत्तिसावी निवड हॉथॉर्नला दिली. छत्तिसाव्या निवडीतून हॉथॉर्नला सॅम मिचेल मिळाला. आदल्या वर्षी त्याला कोणीही घेतले नव्हते. त्याच्या गतीविषयी शंका होती. २००८ मध्ये हॉथॉर्नने अजिंक्यपद जिंकले तेव्हा कर्णधार तोच होता. त्याच ड्राफ्टमध्ये ५८ व्या क्रमांकावर गेलेल्या डेन स्वॉनने २०११ चे ब्राउनलो पदक मिळवले. चाहत्यांची सारी शक्ती पहिल्या तीन नावांवर खर्च होत असताना छत्तिसावे आणि अठ्ठावन्नावे नाव चर्चेच्या परिघाबाहेर राहिले. प्रकाशझोतातील कृतींवरच भाष्य करणाऱ्या समीक्षेचा हा नेहमीचा दोष येथेही दिसतो.

४. २००४ : नावाचे विशेषण होणे :
२००४ मध्ये रिचमंडकडे पहिली आणि चौथी निवड होती. पहिलीत ब्रेट डेलेडियो आणि चौथीत रिचर्ड टॅम्बलिंग यांना घेण्यात आले. पाचव्या निवडीत हॉथॉर्नने लान्स फ्रँकलिनला घेतले. २५ मार्च २०२२ रोजी फ्रँकलिनने हजारावा गोल केला आणि २०२३ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १०६६ गोल होते. टॅम्बलिंग रिचमंड आणि अॅडलेड यांच्याकडून शंभराहून अधिक सामने खेळला.

शंभर सामने ही या लीगमध्ये क्षुल्लक गोष्ट नव्हे. ड्राफ्टमधून आलेल्या अनेकांना तेवढी मजल मारता येत नाही. तरीही चाहत्यांच्या बोलण्यात टॅम्बलिंग हे एका खेळाडूचे नाव राहिले नाही, ते एका चुकीचे नाव झाले. येथे पश्चात्‌बुद्धीचा अन्याय स्पष्ट होतो. निवड क्लबने केली, निवडीचा क्रम नियमाने ठरवला, फ्रँकलिनचे गोल फ्रँकलिनने केले. या तिन्हींत टॅम्बलिंगचे कर्तृत्व वा अपराध काहीही नव्हता. आपल्या आधी किंवा नंतर कोणाचे नाव घेतले जावे, हे मुलाच्या हाती नसते. तरीही तुलनेचे ओझे त्यालाच आयुष्यभर वाहावे लागते.

५. २०१४ : अपूर्ण संहितेचे वाचन :
२०१४ मध्ये पहिल्या निवडीचा हक्क सेंट किल्डाकडे होता. उंच आघाडीपटू पॅडी मॅकार्टिन की मधल्या फळीतील बलदंड ख्रिश्चन पेट्राका, हा वाद रंगला. सेंट किल्डाने मॅकार्टिनला घेतले आणि पेट्राका मेलबर्नकडे गेला. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे पेट्राकाला २०१५ चा संपूर्ण हंगाम मैदानाबाहेर काढावा लागला. त्या वर्षापुरते पाहिले तर सेंट किल्डाची निवड योग्य ठरली, असे कोणीही म्हटले असते. पुढे मॅकार्टिनला डोक्याला वारंवार आघात झाले. तो क्लबबाहेर गेला, २०२२ मध्ये सिडनीकडून जिद्दीने परतला आणि २०२३ मध्ये त्याला थांबावे लागले. २०२१ मध्ये मेलबर्नने १९६४ नंतरचे पहिले अजिंक्यपद जिंकले तेव्हा अंतिम सामन्यात पेट्राका सर्वोत्तम ठरला.

आज या निवडीला ‘चूक’ म्हणताना नेमके काय चुकले, हे सांगता येत नाही. मेंदूवरील आघात कोणत्याही उडीच्या वा धावेच्या चाचणीत दिसत नाहीत. संहितेत जे लिहिलेलेच नव्हते ते वाचले नाही, असा आरोप वाचकावर करता येत नाही. त्याआधीच्या वर्षी, २०१३ मध्ये, प्रथम निवडला गेलेला टॉम बॉइड २०१६ च्या अंतिम सामन्यात तीन गोल करून वेस्टर्न बुलडॉग्जच्या १९५४ नंतरच्या पहिल्या अजिंक्यपदाचा शिल्पकार ठरला. मानसिक आरोग्याच्या अडचणींविषयी तो उघडपणे बोलला आणि २०१९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, निवृत्त झाला. त्याची निवड यशस्वी की अयशस्वी? ‘तळ’ आणि ‘छत’ या परिभाषेत या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्या परिभाषेत माणूस मावत नाही.

६. समीक्षा आणि उत्तरदायित्व :
वरील विवेचनावरून ही चर्चा निरर्थक आहे, असे समजण्याचे कारण नाही. विभागवार भरतीच्या काळात परिसराशी जे नाते होते ते तुटल्यानंतर, दूरच्या अनोळखी मुलाला ‘आपला’ करून घेण्याचे काम हीच चर्चा करते. तळाशी गेलेल्या संघाच्या चाहत्याला ती आशा देते. तज्ज्ञांच्या मक्तेदारीला प्रश्न विचारण्याचा अधिकार सामान्य प्रेक्षकाला देते. या अर्थाने ती खरीखुरी लोकसमीक्षा आहे.

परंतु तिच्यात एक मूलभूत विषमता आहे. भाकीत करणारा आपले चुकलेले भाकीत विसरतो, बरोबर ठरलेले मात्र वारंवार सांगतो. ज्याच्याविषयी भाकीत केले तो मात्र काहीच विसरू शकत नाही. लेखकाला प्रतिकूल समीक्षेनंतर दुसरे पुस्तक लिहिता येते. खेळाडूला आपला पहिला ड्राफ्टक्रमांक पुसता येत नाही. म्हणून येथे समीक्षकाची जबाबदारी अधिक असते, कमी नव्हे.

निष्कर्ष :
१. ड्राफ्टपूर्व चाहता-चर्चा ही निकष आणि परिभाषा असलेली लोकसमीक्षा आहे; तिला केवळ करमणूक म्हणणे योग्य नाही.
२. २००१ च्या उदाहरणावरून निवडीचा क्रम आणि खेळाडूचे मूल्य या भिन्न गोष्टी असल्याचे, तसेच मूल्य निकषसापेक्ष असल्याचे दिसून येते.
३. चर्चेच्या परिभाषेत वंशभेदाचे आणि वस्तूकरणाचे सूक्ष्म अंश आढळतात. त्यांचे भान चर्चा करणाऱ्यांनी ठेवणे आवश्यक आहे.
४. पश्चात्‌बुद्धीने केलेले मूल्यमापन निवडणाऱ्याच्या निर्णयाचे असावे. निवडलेल्या मुलावर त्याचे खापर फोडणे हा अन्याय होय.
५. अपूर्ण कृतीविषयी बोलताना समीक्षेने भाकिताचा आव सोडून शक्यतेची भाषा वापरली, तर तिची विश्वासार्हता वाढेल आणि अठरा वर्षांच्या मुलाला घडण्यासाठी आवश्यक असलेला अवकाशही शिल्लक राहील.