न पाहिलेल्या ध्रुवाचे वर्णन

मोजके प्रवासी, सोबत अनुभवी मार्गदर्शक आणि बर्फ फोडत जाणारी लहानशी बोट अशा ध्रुवप्रदेशाच्या मोहिमांना आता मराठी घरांतूनही माणसे जाऊ लागली आहेत. परतल्यावर लिहूही लागली आहेत. ही वर्णने वाचताना मन पुनःपुन्हा एका जुन्या ग्रंथाकडे वळते. लोकमान्य टिळकांचा ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ १९०३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा उत्तर ध्रुवावर कोणाचेच पाऊल पडले नव्हते. नान्सेन १८९५ मध्ये ८६ अंशांपलीकडे जाऊन परतला होता, इतकेच. टिळकांनी तर ऋग्वेद वाचला तो तुरुंगात! तरीही ध्रुवावरील पहाटेचे याहून उत्कट चिंतन मराठी माणसाने केलेले माझ्या वाचनात नाही.

ग्रंथाचे बळ एका साध्या प्रश्नात आहे. आमच्या जालन्यात, विसाव्या अक्षांशाच्या किंचित खाली, उजाडणे ही वीस-पंचवीस मिनिटांची गोष्ट. पहाटेच्या मिस्सेला घरून निघावे तो अंधार असतो आणि चर्चच्या पायऱ्या चढेपर्यंत लिंबाची पाने वेगवेगळी दिसू लागतात. एवढ्याशा उषेसाठी ऋषींनी इतकी आळवणी का करावी? तिला अनेकवचनी का संबोधावे? तैत्तिरीय संहितेत तीस उषाभगिनी का याव्यात? टिळकांचे उत्तर असे की, ही पहाट आपली नव्हेच. ती क्षितिजावर चाकासारखी फिरणारी, कित्येक दिवस रेंगाळणारी ध्रुवाची पहाट आहे. उषेवरील हे प्रकरण म्हणजे काव्याच्या सूक्ष्म वाचनाचा उत्तम नमुना होय. पुढील प्रकरणे मात्र वकिली युक्तिवादाने जड झाली आहेत.

फसगत होते ती निष्कर्षात. आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात होते, हे आजचे पुरातत्त्व व भाषाशास्त्र मानत नाही. उत्तर ध्रुवावर तर जमीनच नाही, आहे तो गोठलेला समुद्र. स्वदेशातही ना. भ. पावगी यांनी १९१५ साली सप्तसिंधूचा पक्ष घेऊन वेगळे मत मांडले. पण आपण ख्रिस्ती वाचकांनी टिळकांना हसण्याची घाई करू नये. ज्या ग्रंथाचा आधार त्यांनी घेतला, तो बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष वॉरन यांचा १८८५ चा ग्रंथ होता, आणि त्यात एदेन बाग उत्तर ध्रुवावर असल्याचे प्रतिपादन होते! पवित्र काव्याचा नकाशा करण्याचा मोह कोणत्याही एका धर्माचा नाही. काव्य काय म्हणते याऐवजी ते कोठे घडले, हे शोधू लागलो की उषाही हातची जाते आणि एदेनही.

आता आजच्या प्रवाशांकडे. अंटार्क्टिकाच्या सहली नोव्हेंबर ते मार्च या काळात निघतात, म्हणजे तेथील उन्हाळ्यात. एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसे उतरावीत, वीस जणांमागे एक मार्गदर्शक असावा, हे पर्यटनसंस्थांच्या संघटनेचे नियम योग्यच आहेत. पण ऐन उन्हाळ्यात तेथे रात्रच नसते. मग पहाट कोठली? ज्या दृश्यापायी टिळकांनी ग्रंथ रचला, नेमके तेच या प्रवाशाच्या वाट्याला येत नाही. म्हणूनच या वर्णनांत पेंग्विन आणि हिमनग यांची गर्दी असते. प्रकाशाविषयी मात्र ‘सूर्य मावळतच नाही’ या एका वाक्यावर बोळवण होते. मार्गदर्शकाने जे दाखवले तेवढेच कागदावर उतरते.

नागपुरात जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. अदिती पंत १९८३ मध्ये सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह तिसऱ्या भारतीय मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या. त्या तेथे गेल्या त्या समुद्रातील जीवसृष्टीचा अभ्यास करायला. ज्याला काही शोधायचे असते, त्याची नजर मार्गदर्शकाच्या बोटावर थांबत नाही. टिळकांच्या उषेची खरी पारख करू शकतील असे लोकही आपल्यात आहेत. १९८४ पासून भारतीय तुकड्या तेथे हिवाळाही काढतात. आजच्या मैत्री केंद्रावर सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही, दुपारी केवळ उजाडल्याचा भास होतो आणि विझतो. त्यांतील कोणी मराठी माणसाने त्या भासाविषयी चार पाने लिहावीत. ती मी टिळकांच्या त्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचीन.