कोडवर टीका करा, माणसावर नको

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला एका ओपन सोर्स पॅकेजमध्ये छोटी चूक सापडली. दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं, ‘आधी मॅन्युअल वाच, मग आमचा वेळ खा.’ चूक खरीच होती, पुढे दुसऱ्या कुणीतरी ती दुरुस्त केली. मी मात्र वर्षभर कुठेच काही पाठवलं नाही.

तुम्हीही संशोधनात पायथन, आर, लिनक्स वापरणार आणि कधीतरी दुरुस्तीही पाठवणार. म्हणून या समुदायांच्या आचारसंहितांबद्दल थोडं.

लिनक्स कर्नलचं उदाहरण घेऊ. तिथे अपमानास्पद भाषा वर्षानुवर्षं ‘गुणवत्तेसाठी लागणारा कडकपणा’ म्हणून खपत होती. यूएसबी ३.० चा ड्रायव्हर लिहिणाऱ्या सेज शार्प यांनी २०१३ मध्ये याविरुद्ध उघडपणे आवाज उठवला. मार्च २०१५ मध्ये ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ नावाचा छोटासा मजकूर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्प यांनी कर्नलचं काम सोडल्याचं जाहीर केलं.

माझ्या मते तो मजकूर मुळातच उलटा होता. तुमच्या कोडवर टीका होणारच, हे आधी बजावायचं आणि अपमान वाटला तर समितीला कळवा, हे नंतर सांगायचं. म्हणजे कातडी जाड करायची नवख्याने आणि तक्रारही त्यानेच करायची! मेंटेनरने नेमकं काय करू नये, याचा पत्ताच नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे रजा घेतली. त्याच वेळी कर्नलने ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट’वर आधारलेली आचारसंहिता स्वीकारली. तिच्यात न चालणाऱ्या वागण्याची उदाहरणं आहेत आणि जबाबदारी मेंटेनरवरही आहे. ‘आता कोडचा दर्जा घसरणार’ अशी ओरड झाली. पण आजही पॅच नाकारले जातातच. नाकारण्यासाठी शिवी लागत नाही, कारण लागतं.

ही संहिता नुसती कागदावरही राहिली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका फाइलसिस्टिमच्या मेंटेनरच्या सहभागावर ६.१३ आवृत्तीच्या कामापुरते निर्बंध आले.

तरी एक मर्यादा आहेच. संहिता अपमान थांबवते, स्वागत करत नाही. पहिल्या पॅचला कुणीतरी वेळ काढून नीट उत्तर द्यावं लागतं. आणि ‘आम्ही असंच शिकलो, काय बिघडलं?’ म्हणणारे हे टिकून राहिलेले लोक असतात. सोडून गेलेले तुमच्या सॅम्पलमध्ये नाहीतच. हा सर्व्हायवरशिप बायस आपल्याला तरी कळायला हवा.

तेव्हा प्रकल्प निवडताना तीन गोष्टी बघा. तक्रार कुणाकडे करायची ते लिहिलंय का? नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरं कशी मिळतात? नकार देताना कारण सांगतात का?

आणि उद्या लॅबमधल्या ज्युनिअरचा कोड तुमच्याकडे तपासायला येईल, तेव्हा हेच तीन प्रश्न स्वतःलाही विचारा.