इथेनॉलविषयक मराठी परिभाषा : 'मळी' आणि 'अक्षय' या दोन शब्दांची चिकित्सा

उसापासून काढलेल्या इथेनॉलविषयी मराठीत जे लेखन होते, मग ते कृषिविषयक सदरांतील असो वा साखर कारखान्यांच्या अहवालांतील, त्यात 'मळी' आणि 'अक्षय' हे दोन शब्द वारंवार भेटतात. पहिला शब्द इथेनॉल टाकाऊ पदार्थापासून होते असे सुचवितो; दुसरा, त्याचा साठा कधीही सरणार नाही असे. दोन्ही सूचना तपासून पाहण्याजोग्या आहेत.

वस्तू स्वतः नवी नव्हे. पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या 'पॉवर अल्कोहोल'संबंधी भारतात १९४८ सालीच कायदा झाला होता व तो २००० साली रद्द करण्यात आला. पुढे २००१ मध्ये मिरज, मनमाड व बरेली येथे मिश्रणाचे प्राथमिक प्रयोग झाले. 'मद्यार्क' या जुन्या मराठी शब्दातील मद्याचा वास 'इथेनॉल' या शब्दाने घालविला, ही गोष्ट उघड आहे. ब्राझीलमध्येही १९७५ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू असलेल्या या इंधनाचे पंपावरील 'आल्कूल' हे नाव बदलून 'एतानोल' करावे, असे तेथील नियामक संस्थेने २००९ साली ठरविले. अशा नामांतरात आक्षेपार्ह काही नाही.

'मळी'ची गोष्ट निराळी आहे. ऊसपट्ट्यात हा एकच शब्द तीन पदार्थांना लावला जातो. साखरेचे स्फटिक वेगळे केल्यावर उरणारा दाट, काळसर पाक ही मळी; रस गाळताना निघणारा व शेतकरी खत म्हणून नेतो तो गाळ, हीही मळी; आणि आसवनीतून बाहेर पडणारे, नदीत मासे मेले की वृत्तपत्रांत ज्याचा 'मळीमिश्रित पाणी' म्हणून उल्लेख होतो ते सांडपाणी, तेही मळीच्याच नावावर. हे सांडपाणी एका लिटर मद्यार्कामागे साधारणतः ८ ते १५ लिटर निघते. विकाऊ पदार्थ, उपयुक्त पदार्थ व घातक पदार्थ अशा तिघांना एकच नाव असल्यावर कोणत्या विधानात कोणता अर्थ घ्यावयाचा, हे वाचकाने ओळखावे तरी कसे?

त्यातही पहिल्या अर्थाच्या पोटात आणखी एक फरक दडलेला आहे. रस आटवून तीन टप्प्यांत साखर काढल्यावर उरते ती 'सी-हेवी' मळी; तिच्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही, म्हणून तिला टाकाऊ म्हणणे एकवेळ चालेल. परंतु २०१८ पासून 'बी-हेवी' मळी व प्रत्यक्ष उसाचा रस यांपासूनच्या इथेनॉलासही उत्तेजन मिळाले. 'बी-हेवी' मळीत काढता येण्याजोगी साखर मुद्दाम ठेवलेली असते आणि रसात तर सगळीच असते. वस्तू बदलली, शब्द मात्र तोच राहिला. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र शासनाने रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली व आठवडाभरात ती मर्यादेसह शिथिल केली. २०२४-२५ च्या हंगामासाठी निर्बंध उठविण्यात आले. साखर कमी पडेल ही त्या मनाईमागील चिंता होती. कच्चा माल टाकाऊच असता तर ही चिंता उद्भवलीच नसती.

'अक्षय' हा नञ्‌ बहुव्रीही समास होय : ज्याला क्षय नाही ते. सूर्यप्रकाशाला तो शोभतो, उसाला शोभत नाही. शासकीय परिभाषेतील 'नवीकरणीय' हा शब्द उच्चारास जड असला तरी अधिक प्रामाणिक आहे. त्यातील 'अनीय' या कृत्यप्रत्ययात योग्यता व कर्तव्य असे दोन्ही अर्थ येतात : नवे करता येण्याजोगे, तसेच नवे करावयाचे. कोणीतरी, कशाच्या तरी बळावर ते नवे करावयास हवे, हा अर्थ त्यात शाबूत राहतो.

उसाच्या बाबतीत ते बळ पाण्याचे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार एक टन उसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल होते व साखरेपासूनच्या एका लिटर इथेनॉलामागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. शिवाय एक लिटर इथेनॉल पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता देते. ज्या मिरजेत २००१ चा प्रयोग झाला, तेथूनच एप्रिल २०१६ मध्ये लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले; आणि लातूर हाही ऊस पिकविणारा जिल्हा आहे. (अलीकडे मका व तांदूळ यांपासूनच्या इथेनॉलाचा वाटा वाढला आहे, त्यासाठी 'अक्षय' कितपत योग्य, हा स्वतंत्र प्रश्न आहे.)

विशेष असे की या कल्पनेसाठी शेतकऱ्यापाशी स्वतःची परिभाषा पूर्वीपासून आहे. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटतो तो 'खोडवा', त्यानंतरचा 'निडवा'. सामान्यतः प्रत्येक वेळी उतारा घटतो आणि अखेरीस शेत नांगरून नवी लागण करावी लागते, हे त्या शब्दांसोबतच त्याला ठाऊक असते. परिभाषाकारांनी मात्र ते शब्द विचारात घेतलेले दिसत नाहीत.

कोशात निदान 'अंतिम मळी', 'साखरयुक्त मळी' व 'आसवनीचे सांडपाणी' अशा तीन स्वतंत्र नोंदी असणे अवश्य आहे. पंपावरील फलकावर केवळ मिश्रणाची टक्केवारी असते. ते इथेनॉल रसाचे, मळीचे की धान्याचे, हे तेथे लिहावयाचे झाल्यास त्यासाठी शब्द अगोदर तयार असावे लागतील.