मेदपेशींच्या शेजारी: एका शोधनिबंधाचे रसग्रहण

‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात २०११ साली सहा पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अंडाशयाचा कर्करोग पोटात पसरताना मेदपेशी त्याला मदत कशी करतात, हा त्याचा विषय. क्रिस्टिन नीमन पहिल्या लेखिका, अर्न्स्ट लेंगयेल ज्येष्ठ लेखक, काम शिकागो विद्यापीठातले. त्यातली माहिती एका वाचनात हाती लागते. पुन्हा वाचावासा वाटतो तो त्याच्या रचनेसाठी, कारण इथे प्रत्येक प्रयोग आधीच्या प्रयोगाने मागे ठेवलेल्या शंकेला उत्तर देतो.

मूळ प्रश्न शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या रोजच्या अनुभवातला आहे. अंडाशयाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रीचे पोट उघडले की सर्वांत मोठी गाठ बहुतेकदा ओमेंटममध्ये सापडते. ओमेंटम म्हणजे जठरापासून खाली लोंबणारा, आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा. मूळ अवयव अंडाशय, मग सर्वांत मोठी वाढ इथेच का?

पेशी तिथवर कशा पोचतात हे बऱ्याच अंशी ठाऊक होते. त्या मूळ गाठीपासून सुटतात, उदरपोकळीतल्या द्रवात एकेकट्या किंवा पुंजक्यांनी तरंगतात आणि जागा मिळेल तिथे चिकटतात. या चिकटण्यामागचे रेणूही ओळखीचे होते. सीए-१२५ या रक्ततपासणीमुळे माहीत झालेले एमयूसी-१६ हे प्रथिन उदरपोकळीच्या अस्तरावरच्या मेसोथेलिनला जाऊन बिलगते. पेशीच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन प्रथिने अस्तराखालच्या थरात पकड घेतात. पण अस्तर तर सगळ्या पोटभर आहे. चिकटण्याच्या या व्यवस्थेतून ओमेंटमचे वेगळेपण उलगडत नाही. लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्तनाच्या कर्करोगाबद्दल बी आणि जमिनीचा विचार मांडला होता: बी चहूकडे उधळले तरी रुजते ते मानवणाऱ्या मातीत. शिकागोचा निबंध या जमिनीतच उतरतो आणि तिथे काय आहे ते रेणूंच्या पातळीवर तपासतो.

पहिला प्रयोग उंदरांवरचा. पोटात सोडलेल्या कर्करोगपेशी अवघ्या वीस मिनिटांत ओमेंटमवर पोचलेल्या दिसतात. इतक्या थोड्या वेळात तिथे वाढ होणे शक्य नाही, म्हणजे ही ओढ आहे. मग ओढणारे कोण? मानवी ओमेंटममधून मिळवलेल्या मेदपेशी प्रयोगशाळेत ठेवल्या की कर्करोगपेशी त्यांच्याकडे सरकतात. मेदपेशी जे संकेत-रेणू बाहेर सोडतात, त्यांत इंटरल्यूकिन-८ महत्त्वाचा ठरतो. हे संकेत अडवले की ओढ कमी होते.

इथे थांबला असता तरी निबंध चांगलाच ठरला असता. पण लेखक पुढे विचारतात: पोचल्यावर ती पेशी खाते काय? माझ्या मते निबंधाचा कळसाध्याय इथून सुरू होतो. मेदपेशींतल्या स्निग्ध द्रव्याला चमकणारा रंग दिला जातो आणि मग दोन्ही पेशी एकत्र वाढवल्या जातात. काही काळाने तोच रंग कर्करोगपेशींच्या पोटात दिसू लागतो. मेद एका पेशीतून दुसरीत गेल्याचे हे थेट दर्शन आहे. त्याच वेळी मेदपेशींत साठवलेली चरबी फुटू लागते आणि कर्करोगपेशींत मेदाम्लांचे ज्वलन वाढते. म्हणजे बोलावते मेदपेशी, आणि आलेली पाहुणी तिलाच आपला साठा मोकळा करायला लावते. संबंध दुतर्फी आहे, आणि हे दुतर्फीपण लेखकांनी एका मोठ्या विधानात सांगून टाकलेले नाही. प्रयोगांच्या क्रमातून ते आपोआप उभे राहते.

मला सर्वांत आवडलेला भाग एफएबीपी-४ या प्रथिनाचा. मेदाम्लांना पेशीच्या आत वाहून नेणारे हे प्रथिन मूळच्या अंडाशयातल्या गाठीपेक्षा ओमेंटममधल्या गाठीत जास्त आढळते. पण गाठीत ते नेमके कुठे असते? गाठ आणि चरबी जिथे एकमेकींना भिडतात, त्या सीमेवरच्या कर्करोगपेशींत. सगळे कथानक या एका रेघेवर येऊन उभे राहते. एफएबीपी-४ नसलेल्या उंदरांत दुय्यम गाठींची वाढ बरीच खुंटते, तेव्हा हे प्रथिन तिथे नुसते हजर नाही, काम करते आहे, याची खात्री पटते.

लेखकांचा संयमही वाखाणावा असा. ओढीबद्दल ते ‘दाखवून देतो’ म्हणतात. मेदपेशी ऊर्जेचा स्रोत आहेत, याबाबत सारांशात आधी ‘असे सूचित होते’ एवढेच म्हणतात. शीर्षक मात्र याहून ठाम आहे. तेवढी एक जागा मला खटकते.

हा निबंध म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. २०१४ साली अनिल सूद यांच्या गटाने ‘कॅन्सर सेल’मध्ये दाखवले, की या पेशी रक्तावाटेही ओमेंटमपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी त्यांनी दोन उंदरांचे रक्ताभिसरण जोडले होते, आणि त्या वाटेवर एर्बबी-३ हा ग्राहक-रेणू निर्णायक ठरला. तरंगत जाणे हीच एकमेव वाट, ही समजूत त्यामुळे ढळली. शिकागोच्या निबंधाला मात्र यातून बळच मिळते, कारण वाट बदलली तरी मुक्काम तोच राहतो.

एफएबीपी-४ रोखणारे औषध अजून या आजाराच्या नेहमीच्या उपचारांत आलेले नाही. ओमेंटम काढून टाकणे हा मात्र शस्त्रक्रियेचा ठरलेला भाग आहे. आणि या निबंधातली गोष्ट सुरू होते तेव्हा पेशी अंडाशयाबाहेर पडलेल्या असतात, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. म्हणून पोट सतत फुगल्यासारखे वाटणे, थोडे खाल्ले तरी भरल्यासारखे होणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे ही नवी लक्षणे काही आठवडे टिकली, तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडून देऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांच्यापैकी कुणाला अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा आणि बीआरसीए जनुकांच्या तपासणीबद्दल विचारा.