बाजारभावाचा पगार, पण बाजार कुठला?

‘बाजारात ड्रायव्हर याहून स्वस्त मिळतो.’ २०२१-२२ च्या एसटी संपात हे वाक्य वर्ध्यात चहाच्या टपरीवर ऐकलं. पुढे संशोधनाच्या आराखड्यांतही वाचलं, तिथे त्याला ‘बाजार वेतन’ म्हणतात. माझ्या स्वतःच्या पहिल्या आराखड्यातही ते होतं. गाईडनी एकच प्रश्न विचारला, ‘कुठला बाजार?’ आणि माझी बोलती बंद झाली.

प्रश्न साधा आहे. आर्वी किंवा हिंगणघाट डेपोच्या चालकाची तुलना कोणाशी करायची? खासगी ट्रॅव्हल्सच्या चालकाशी केली तर एसटीचा पगार बरा दिसतो. शेजारच्या राज्यातल्या परिवहन महामंडळाशी केली तर उत्तर बदलू शकतं. सरकारी कार्यालयातल्या चालकाशी केली तर आणखी वेगळं. म्हणजे तुलना निवडली की निष्कर्ष जवळजवळ ठरलाच. ही निवड का केली, हे बहुतेक आराखड्यांत कुठेच लिहिलेलं नसतं. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

आता संपाकडे बघू. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी आंदोलन सुरू झालं. मुख्य मागणी होती राज्य शासनात विलीनीकरण. नोव्हेंबरमध्ये सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांवाल्यांना ४,००० आणि त्यापुढच्यांना २,५००. तरी संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितलं. ‘बाजार वेतन’ मांडणाऱ्याला हे कोडं सुटत नाही. वाढ मिळाली, तरी लोक का बसून राहिले?

कारण भांडण रकमेपुरतं नव्हतं. पगार ठरवण्याची पद्धतच त्यांना बदलून हवी होती. एसटीत पगार चार वर्षांच्या कराराने ठरत असे आणि बोलणी मान्यताप्राप्त संघटना करत असे. १९७१ च्या राज्य कायद्यानुसार अशी मान्यता मिळायला किमान ३० टक्के कामगार सभासद लागत. आधीचा करार मार्च २०२० मध्ये संपला, त्याच महिन्यात लॉकडाऊन आलं, पुढे पगारही रखडले. अशा वेळी कामगार म्हणाले, करार नको, वेतन आयोग द्या. म्हणजे ते वाटाघाटीचा हक्कच सोडायला तयार झाले होते! स्वतःच्या संघटनांवरचा विश्वास किती उडाला होता, ते यातून दिसतं. पगाराच्या तक्त्यात हे सापडत नाही.

‘हे गरीब कामगारांचं झालं, वरच्या पगारात बाजार चालतो,’ असं वाटत असेल तर वैमानिक बघा. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या. २०११ च्या एप्रिल-मेमध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दहा दिवस संप केला. मागणी होती, पूर्वीच्या एअर इंडियावाल्यांइतकाच पगार. मोजमाप बाहेरच्या बाजाराचं नव्हतं, त्याच कंपनीतल्या सहकाऱ्याचं होतं. शिवाय वैमानिकाला कंपनी बदलली की सेवाज्येष्ठता बहुधा पुन्हा तळापासून मोजावी लागते. एसटीचा वीस वर्षं जुना चालकही नोकरी सोडून सहज जाऊ शकत नाही. जिथे माणूस मोकळेपणाने जाऊ शकत नाही, तिथल्या पगाराला बाजारभाव म्हणताना निदान थोडं थांबायला हवं.

याचा अर्थ बाजाराची तुलना फेकून द्या असा नाही. महामंडळाचा तोटा खरा आहे आणि पैसा कुठून येणार हा प्रश्नही खरा आहे. फक्त आराखडा लिहिताना तीन गोष्टी स्पष्ट लिहा: तुलना कोणाशी, ती कोणी निवडली, आणि कामगार स्वतः कोणाशी तुलना करतो. तिसऱ्याचं उत्तर लायब्ररीत मिळणार नाही. त्यासाठी ड्युटी सुटायच्या वेळी डेपोच्या गेटवर जावं लागेल.