ध्रुवीकरण : एका शब्दाची परीक्षा

राजकारणावरील लेखनात ‘ध्रुवीकरण’ हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो, की त्याची एकदा परीक्षा व्हावी असे आम्हांस वाटते. समाज दोन टोकांना गेला, एवढाच अर्थ त्यातून घेतला जातो. पदार्थविज्ञानात, जेथे यास ‘ध्रुवण’ असेही म्हणतात, अर्थ निराळा आहे.

सामान्य प्रकाशाची कंपने त्याच्या मार्गाशी काटकोनात, परंतु सर्व बाजूंना होत असतात. पोलरॉइडची काच त्यांतील एकाच रेषेतील कंपने पुढे सोडते. निम्मा प्रकाश तेथेच अडतो. एतिएन मालू या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रकाशकणांना चुंबकासारखे ध्रुव असावेत, या कल्पनेतून हे नाव दिले. पुढे कल्पना मागे पडली, नाव राहिले. म्हणजे येथे दोन टोके नाहीतच. आहे ती एकाच दिशेची सक्ती.

हा अर्थ ध्यानी घेतला, की पांढरकवड्याचा प्रसंग अधिक उमगतो. या वन विभागातील टी-1 ऊर्फ अवनी ही वाघीण 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री गोळीने मारली गेली. तिच्यावर 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. गावांत फटाके वाजले, शहरांत निषेधाचे मोर्चे निघाले. एकाच पक्षाच्या केंद्रीय मंत्री मेनका गांधी आणि राज्याचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार परस्परांविरुद्ध उभे राहिले. पक्षांच्या टोकांनी हे उलगडत नाही. प्रत्येकाने आपली काच डोळ्यांपुढे धरली होती. एकीतून वाघिणीची दोन पिल्ले दिसेनात. दुसरीतून जंगलालगत गुरे चारणारा माणूस दिसेना.

अशा दोन काचा एकमेकींशी काटकोनात धरल्या, की पलीकडे अंधार होतो. मात्र त्यांच्यामध्ये तिसरी काच 45 अंशांत तिरकी धरली, तर मूळ प्रकाशाचा आठवा हिस्सा पुन्हा पार होतो. माणसाला चाऱ्यासाठी जंगलात का शिरावे लागते आणि वाघाला जंगल का अपुरे पडते, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारणे, हीच ती तिरकी काच. तिने सारा उजेड परत येत नाही, हेही खरे.

रूपकाची मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. प्रकाश आपली काच निवडत नाही. माणूस निवडतो, म्हणून ती फिरवणेही त्याच्या हाती असते. ‘ध्रुवीकरण झाले’ असे लिहिणारे लेखक ही जबाबदारी कोणावरच ठेवत नाहीत. आमचा आक्षेप आहे तो यालाच.