माणिकबाग प्रासाद

इंदूर (मध्य प्रदेश) येथील होळकर संस्थानाचे अधिपती महाराजा यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–६१) यांचा आधुनिक शैलीतील निवासप्रासाद. बांधकाम व सजावट १९३०–३३. वास्तुकार एकार्ट मुथेझिउस (१९०४–८९) हा जर्मन होता. तथापि अंतर्भागातील फर्निचर, गालिचे व चांदीची भांडी यांचा मोठा भाग पॅरिसमधील कलावंतांकडून करवून घेतलेला असल्याने फ्रेंच आलंकारिक कलेच्या इतिहासात या वास्तूला विशेष स्थान आहे.

भारतीय संस्थानिकांना फ्रेंच कलेचे आकर्षण नवे नव्हते. परंतु ते बहुधा गतकालीन फ्रान्सचे होते. कपूरथळ्याच्या महाराजांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी व्हर्सायच्या धर्तीवर प्रासाद उभारला. खुद्द इंदुरातील लालबाग प्रासादाची (१८८६–१९२१) दालने बरोक व रोकोको अलंकरणाने गजबजलेली आहेत. सोनेरी मुलाम्याच्या वेलबुट्टीचे हे अनुकरण कुशल असले, तरी त्यात अनुकरणापलीकडे फारसे काही नाही. माणिकबागेचे वेगळेपण असे, की येथे आश्रयदात्याने समकालीन फ्रान्सशी नाते जोडले. ज्या वस्तू पॅरिसमध्येही अनेकांना अतिरेकी वाटत होत्या, त्या त्याने माळव्यात आणल्या.

ऑक्सफर्ड येथे शिकत असताना यशवंतरावांची मुथेझिउसशी ओळख झाली. फ्रेंच लेखक व कलासंग्राहकांचा सल्लागार आंरी-प्येर रोशे याने त्यांना व महाराणी संयोगिताराजे (कागलच्या घाटगे घराण्यातील) यांना पॅरिसच्या कलाजगतात नेले. १९२९ मध्ये झाक दूसे याचा नयी येथील संग्रह त्यांच्या पाहण्यात आला. आधुनिक चित्र, शिल्प व फर्निचर एकाच दालनात एकजीव होऊ शकतात, हा पाठ त्यांना बहुधा तेथेच मिळाला असावा. त्याच वर्षी बेर्नार बूते द मोंव्हेल याने यशवंतरावांचे पाश्चात्त्य पोषाखातील व्यक्तिचित्र रंगविले. पुढे त्यानेच त्यांना मराठेशाही वेषातही चितारले. दोन्ही चित्रांतील रेषा सारख्याच थंड व काटेकोर आहेत. दुसऱ्या चित्रातील पागोटे व शुभ्र वस्त्रे पाहताना ‘पौर्वात्य वैभवा’चा नेहमीचा भडकपणा कोठेही जाणवत नाही, ही गोष्ट उल्लेखनीय होय.

प्रासादाचे बाह्यरूप साधे आहे. खरी संपदा आत होती. एमिल-झाक रूलमन (१८७९–१९३३) याने अभ्यासिकेसाठी आबनुसी लाकडाचे फर्निचर घडविले. अठराव्या शतकातील फ्रेंच काष्ठकारांची नजाकत त्याच्या कामात टिकून होती, म्हणून त्याला त्या परंपरेचा अखेरचा थोर वारस मानतात. त्याच घरात ल्वी सोन्यो व शार्लत आलिक्स यांचे काच व धातूचे पलंग, आयलीन ग्रेची आरामखुर्ची आणि ल कॉर्ब्यूझ्ये, प्येर झानरे व शार्लत पेरियां यांची पोलादी नळ्यांची लांब खुर्ची होती. ही शेवटची बिबळ्याच्या कातड्याने मढविलेली. यंत्रयुगाच्या त्या आसनावर शिकारखान्याचे कातडे पाहून कडव्या आधुनिकांना काय वाटले असेल, कोण जाणे! इव्हान दा सिल्व्हा ब्रून्सचे भौमितिक गालिचे व झां प्विफोर्काची निरलंकृत चांदीची भांडी यांनी ही रचना पूर्ण झाली. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनापासून फ्रेंच कलाविश्वात महर्घ हस्तकौशल्य आणि यंत्रनिर्मित साधेपणा असे दोन पक्ष पडले होते. फ्रान्समध्ये परस्परांवर टीका करणारे हे पक्ष माणिकबागेत शेजारी नांदले. ही निवड केवळ धनिकाची हौस नव्हती. तीमागे निश्चित दृष्टी होती.

मात्र एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. फ्रेंच आलंकारिक कलेचे बळ नुसत्या वस्तूंत नाही. चौदाव्या लुईच्या काळात कोल्बेर याने गोबलँ येथे राजाश्रित कार्यशाळा उभारल्या. तेथे चित्रकार, विणकर, सोनार व सुतार एका योजनेखाली काम करीत. इंदुरात त्या व्यवस्थेचे फळ आले, व्यवस्था आली नाही. अहिल्याबाईंच्या आश्रयाने वाढलेले महेश्वरचे माग होळकरांच्याच राज्यात चालू असता माणिकबागेसाठी विणकाम पॅरिसहून आले. मुंबईत याच दशकात आर देको शैलीला स्थानिक वास्तुकार, गवंडी व लोहारकाम करणारे कारागीर लाभले आणि ती चित्रपटगृहांतून व मध्यमवर्गीय चाळवजा इमारतींतून पसरली. माणिकबागेला असा वंशविस्तार लाभला नाही.

कॉन्स्टंटीन ब्रांकूश या पॅरिसनिवासी रूमानियन शिल्पकाराकडून यशवंतरावांनी ‘अवकाशातील पक्षी’ या कल्पनेची तीन शिल्पे घेतली : एक ब्राँझचे, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचे. त्यांसाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधण्याची योजना होती. १९३७ मध्ये संयोगिताराजे निवर्तल्या. त्यानंतर ब्रांकूश इंदुरास येऊन गेला, पण मंदिर झाले नाही. ते झाले असते, तर आश्रयदाता व कलावंत यांच्या सहकार्यातून या भूमीतच जन्मलेली कृती म्हणून तिचे मोल प्रासादाहूनही अधिक ठरले असते.

१९८० मध्ये प्रासादातील फर्निचरचा माँटे कार्लो येथे लिलाव झाला. भारतातील १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यात पुरावस्तूसाठी सामान्यतः शंभर वर्षांची अट आहे. पन्नाशीच्या वस्तू तीत बसत नाहीत, आणि कलानिधी म्हणून संरक्षण मिळण्यास शासनाने तशी स्वतंत्र घोषणा करावी लागते. फ्रान्सनेही क्रांतीनंतर, १७९३–९४ मध्ये, व्हर्सायचे फर्निचर लिलावात विकले होते. त्या विक्रीत रीझनेर या काष्ठकाराने स्वतःच घडविलेल्या काही वस्तू विकत घेतल्या. पुढील काळात व्हर्सायच्या संग्रहालयाने विखुरलेल्या वस्तू एकेक करून परत मिळविण्याचे धोरण चिकाटीने चालविले. माणिकबागेविषयी असा प्रयत्न झाला नाही. सुट्या वस्तू म्हणून त्यांचे मोल वाढले, परंतु खोली, प्रकाश, गालिचा व आसन यांचा जो मेळ ही मूळ कलाकृती होती, तो मोडला. २०१९–२० मध्ये पॅरिसच्या आलंकारिक कला संग्रहालयाने यशवंतरावांच्या कलाश्रयावर प्रदर्शन भरवून त्या मेळाची काहीशी कल्पना पुन्हा दिली. ब्रांकूशचे संगमरवरी पक्षी कॅनबरा येथील राष्ट्रीय कलावीथीत, तर ब्राँझचा पॅसाडीना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. प्रासादाच्या वास्तूत पुढे केंद्रीय अबकारी खात्याची कचेरी आली.